"तुम्ही द्याल ते" म्हणू नका: मुलाखतीत पगार, तास आणि सवलती कशा विचारायच्या

"पगाराची अपेक्षा काय आहे?" भोसरीतल्या एका कारखान्यात एचआरचं काम करताना हा प्रश्न मी चौदा वर्षं विचारते आहे. लातूर, करमाळा, जामखेडहून पहिल्यांदा पुण्यात आलेल्या मुलामुलींकडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं उत्तर एकच: "तुम्ही द्याल ते, मॅडम."

असं बोललं की आपण नम्र दिसतो, असं त्यांना वाटतं. माझ्या पुढ्यातल्या कागदावर मात्र त्या जागेसाठी खालचा आणि वरचा असे दोन आकडे आधीच लिहिलेले असतात. "तुम्ही द्याल ते" म्हणणाऱ्याच्या नावापुढे खालचा आकडा जातो. यात माझा कुणावर राग नसतो, मला वरून तेच सांगितलेलं असतं.

आपल्याकडे स्थळ बघायला गेलं की मुलाचा पगार चहा यायच्या आत विचारून होतो. मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करताना कुणी लाजत नाही. स्वतःच्या पगाराचं बोलायची वेळ आली की तीच माणसं टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसतात. मीही त्यातलीच. बी.कॉम. करून बार्शीहून आले आणि "साडेसात हजार" ऐकून लगेच मान डोलावली. पहिल्या महिन्यात हातात ५,९०० आले. बसचे पैसे, कँटीनचे पैसे आणि गणवेशाची अनामत कापली होती. पगारपत्रकावर नाव होतं ते कंपनीचं नव्हतं, कुण्या ठेकेदाराचं होतं. मला कुणी फसवलं म्हणावं तर तसंही नाही. मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

पायरी पहिली: घरून निघण्याआधी दोन आकडे काढा

पहिला आकडा तुमच्या खर्चाचा. कॉट बेसिसवरची (खोलीतल्या एका खाटेपुरती भाड्याची) जागा, दोन वेळची मेस, जाण्यायेण्याचा खर्च, मोबाइल, घरी पाठवायची रक्कम आणि शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचा हप्ता. वहीत एकाखाली एक मांडा. बेरजेच्या खालचा पगार म्हणजे दर महिन्याला घरूनच पैसे मागवणं. नोकरी भोसरीत आणि राहणं कात्रजला, असं असेल तर प्रवासाचा आकडा आणखी वाढवा.

दुसरा आकडा बाजाराचा. तुमच्याच कॉलेजातून गेल्या वर्षी लागलेल्या दोनतीन जणांना फोन करा. "पॅकेज किती?" असं विचारलंत तर फुगवलेला आकडा कानावर येईल. "महिन्याला खात्यात किती जमा होतात?" असं विचारा. दोन उत्तरांत हजारोंचा फरक निघतो. तो कुठून येतो ते पुढे येईलच.

पायरी दुसरी: कोणता प्रश्न कुणाला, कधी

पहिला फोन बहुधा एचआरमधल्या कनिष्ठ मुलीचा किंवा कन्सल्टन्सीचा असतो. त्या फोनवर "या जागेसाठी साधारण किती पगार ठरलेला आहे?" हे खुशाल विचारा. तिचाही वेळ वाचतो. तिने सांगितलेला आकडा तुमच्या खर्चाच्या बेरजेपेक्षाही कमी असेल, तर दिवसाचा खाडा करून चाकणला जाण्यात अर्थ नाही.

तांत्रिक फेरीत समोर खात्याचा मॅनेजर असतो. त्याला पगाराबद्दल विचारू नका, बऱ्याचदा त्याला तो नेमका ठाऊकही नसतो. पण कामाच्या तासांबद्दल खरं उत्तर त्याच्याकडूनच मिळतं.

शेवटच्या एचआर फेरीत "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हटलं जातं. पैसे, रजा, विमा आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी) यांची हक्काची वेळ ती. माझ्या टेबलासमोर बसलेल्यांपैकी निम्मेअधिक जण तेव्हा "नाही, काही नाही" म्हणून उठतात.

सरकारी नोकरीत हा सगळा खटाटोप नसतो. जाहिरातीतच वेतनश्रेणी छापलेली असते.

पायरी तिसरी: अपेक्षा सांगणं

वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. साधारण असं: "सर, मी चौकशी केली त्यावरून या कामाला नवख्या माणसाच्या हातात महिन्याला वीस ते तेवीस हजार येतात. माझी अपेक्षा बावीसच्या आसपास आहे. तुमच्याकडे या जागेला किती ठरलेलं आहे?" एवढं बोलून गप्प बसा. समोरचा कागद चाळेल, घड्याळाकडे बघेल. ती शांतता भरून काढायला "पण थोडं कमी असलं तरी चालेल" असं म्हणू नका. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की हल्ली मी त्याची वाटच बघते.

आधी कुठे नोकरी केली असेल, तर तिथला पगार वाढवून सांगू नका. आम्ही मागच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं मागतो आणि तिथे खोटं उघडं पडतं. "आत्ता अठरा मिळतात, पण तिथे कामही वेगळं होतं आणि मी आता सीएनसीचं प्रोग्रॅमिंग शिकलोय, म्हणून चोवीस सांगतोय" हे खरं असेल तर छान चालतं.

पायरी चौथी: सीटीसीची सालं काढा

इथे जरा थांबून हिशेबच करू, कारण नव्या माणसाचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. कंपनी म्हणते, "पॅकेज ३ लाख ६० हजार." तुम्ही बाराने भागता, ३०,००० येतात आणि आईला फोन जातो. थांबा.

हे पॅकेज म्हणजेच सीटीसी, तुमच्यावर कंपनीचा वर्षभरात होणारा एकूण खर्च. त्यातला बराचसा तुमच्या हातात कधी येतच नाही. समजा मूळ वेतन, म्हणजे भत्ते सोडून असलेला पगार, महिना १५,००० आहे. मग त्या तीस हजारांतून आधी हे बाहेर पडतं: पीएफमधला कंपनीचा वाटा १२ टक्क्यांनी १,८००, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना एकरकमी मिळणाऱ्या रकमेची) तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्क्यांनी सुमारे ७२१ आणि आरोग्यविम्याचा हप्ता धरा ५००. शिवाय वर्षाला ३६,००० "व्हेरिएबल", म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला पैसा, असेल, तर महिन्यामागे आणखी ३,००० गेले. उरले २३,९७९. पगारपत्रकावर एकूण पगार म्हणून दिसेल तो हा. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा करा. हातात आले २१,९७९.

तीसचे बावीस झाले आणि यात कुणी काही चोरलेलं नाही. पीएफचे दोन्ही वाटे तुमच्याच नावावर जमतात, मात्र कंपनीच्या वाट्यातले १,२५० पर्यंत पेन्शन योजनेकडे वळतात. महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० असतो, म्हणून फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापलेले दिसतील. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ आहे. म्हणजे वरच्या हिशेबात मुलगी असेल तर तिच्या हातात २२,१७९ यायला हवेत. तरी कापला गेला तर हिशेब खात्यात जाऊन विचारा. आमच्याकडेही एकदा ही चूक झाली होती, आणि ती एका नव्या मुलीनेच दाखवून दिली.

या हिशेबातून पाच प्रश्न निघतात. एचआर फेरीत ते याच शब्दांत विचारले तरी चालतील:

- सगळं कापून महिन्याला खात्यात किती जमा होतील?
- मूळ वेतन किती?
- व्हेरिएबल कशावर ठरतं, कधी मिळतं आणि गेल्या वर्षी या खात्यातल्या लोकांना त्यातलं किती मिळालं?
- बस, कँटीन, गणवेश यांचे पैसे कापता का?
- पगारवाढ कोणत्या महिन्यात होते, आणि नव्या माणसाला पहिल्याच वर्षी मिळते का?

पाचांपैकी दोनच विचारायचं धाडस झालं, तर पहिला आणि तिसरा विचारा. व्हेरिएबलच्या प्रश्नावर एचआरने "ते परफॉर्मन्सवर असतं" एवढंच सांगून विषय बदलला, तर तो पैसा हिशेबात धरूच नका.

ग्रॅच्युइटीबद्दल एवढं ध्यानात ठेवा की कायम नोकरीत ती साधारणपणे सलग पाच वर्षं भरल्यावरच मिळते. दोन वर्षांनी उडी मारायचा बेत असेल तर सीटीसीतला तो आकडा तुमच्यासाठी शोभेचा. नव्या कामगार संहितांत (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार कायद्यांत) ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना मात्र ती एका वर्षावर ठेवली आहे. या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेगवेगळे भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असाही नियम त्यांत आहे. मूळ वेतन जेमतेम ठेवून बाकी सगळं "स्पेशल अलाउन्स"मध्ये कोंबायची जुनी युक्ती त्यामुळे अवघड झाली. म्हणून मूळ वेतन किती, हा प्रश्न क्षुल्लक समजू नका. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा पाया तोच आहे.

पायरी पाचवी: तासांचा प्रश्न वळसा घालून

"कामाचे तास किती?" असं सरळ विचारलंत तर "नऊ ते सहा" किंवा "आमच्याकडे फ्लेक्सिबल आहे" असं छापील उत्तर मिळेल. त्याऐवजी मॅनेजरला विचारा, "काल तुमच्या टीममधले लोक साधारण किती वाजता निघाले?" कालचा दिवस आठवताना माणूस सहसा खरं बोलतो. शनिवारचंही असंच विचारा: "गेल्या महिन्यात किती शनिवार आलात?"

कारखान्यात शिफ्टची चौकशी वेगळी करा. फर्स्ट, सेकंड आणि नाइट दर आठवड्याला फिरतात की महिन्याने? सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस कुठपर्यंत सोडते? साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी? भोसरी-पिंपरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. गावाकडून आलेल्याला हे पहिल्या रविवारी कळतं, आणि तोवर मित्रांबरोबर सिंहगडचा बेत ठरून गेलेला असतो. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत विचारायचं ते असं: पाळी भारताच्या वेळेची की अमेरिकेच्या? रात्री घरापर्यंत कॅब आहे का, की फक्त मुख्य रस्त्यापर्यंत?

कायद्याची मोजपट्टी आठवड्याला ४८ तासांची. त्यापुढच्या ओव्हरटाइमला कामगाराला दुप्पट दर मिळायला हवा. "ओटी सिंगल देता की डबल?" हा प्रश्न शॉप फ्लोअरच्या मुलाखतीत अगदी सहज विचारला जातो, त्याला कुणी नाक मुरडत नाही. ऑफिसातल्या पदांना मात्र "एक्झिक्युटिव्ह" किंवा "मॅनेजमेंट स्टाफ" असं नाव देऊन ओव्हरटाइमच द्यायचा नाही, अशी पद्धत आहे. तुमचं पद कोणत्या गटात बसतं ते विचारून घ्या.

पायरी सहावी: रोल कुणाचा?

चाकण, रांजणगाव, भोसरीकडे निघालेल्यांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण हे विचाराच: "मी कंपनी रोलवर की कॉन्ट्रॅक्टवर?" म्हणजे नोकरी थेट कंपनीची की ठेकेदाराची? गेटवरचा बोर्ड एका नामवंत कंपनीचा असतो, मुलाखतही तिथेच होते, पण नियुक्तीपत्र येतं ठेकेदाराच्या लेटरहेडवर. मग पीएफ ठेकेदाराच्या कोडवर, ब्रेक (मध्येच काही दिवस कामावरून थांबवणं) ठेकेदाराच्या मर्जीने आणि दिवाळीचा बोनसही वेगळा. कॉन्ट्रॅक्टवर काम करण्यात कमीपणा काहीच नाही. कॉन्ट्रॅक्टवर सुरुवात करून रोलवर आलेले कितीतरी जण मी पाहिलेत. पण आत शिरण्याआधी कळलं पाहिजे. "ट्रेनी" आणि "अप्रेंटिस" यांतही फरक आहे. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्याला पगाराऐवजी विद्यावेतन असतं आणि त्याला पीएफ लागू होत नाही.

पायरी सातवी: पीएफ, ईएसआय, रजा

पीएफ वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू आहे. यात एक फट आहे. तुमचं पीएफ खातं आधी कधीच नसेल आणि रुजू होतानाच पीएफसाठी धरायचं वेतन १५,००० च्या वर असेल, तर कंपनी तुम्हाला बाहेर ठेवू शकते. "पीएफ पहिल्या दिवसापासून आहे ना?" एवढं विचारलं की कळतं.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि कंपनी योजनेत बसत असेल, तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होतं. तुमचे ०.७५ टक्के कापले जातात आणि कंपनी ३.२५ टक्के भरते. २०,००० पगारावर तुमचे १५० रुपये जातात. नवी मुलं या कपातीवर कुरकुरतात. त्या दीडशेत अवलंबून असलेल्या आईवडिलांचेही उपचार बसतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. २१,००० च्या वर गेलात की कंपनीच्या मेडिक्लेमबद्दल विचारा: किती लाखांचा आहे, आणि आईवडील त्यात धरतात का? पहिल्या उत्तरात "फॅमिली कव्हर" ऐकू येईल. त्यात बहुतेक वेळा फक्त नवरा-बायको आणि मुलंच असतात.

रजेचं थोडक्यात. पात्रतेचे दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा, हा साधारण हिशेब. प्रोबेशनमध्ये (सुरुवातीच्या परीक्षेच्या काळात) रजा घेता येते का, उरलेल्या रजेचे पैसे मिळतात का, एवढं विचारा.

मुलींना एक अडचण येते, तिच्याबद्दल उघडच लिहिते. प्रसूती रजेबद्दल विचारलं की "लग्न कधी करणार?" असा उलटा प्रश्न येईल, ही धास्ती खरी आहे. मी स्वतः टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ते अनुभवलंय. तेव्हा थेट विचारू नका. "रजेच्या धोरणाची प्रत ऑफर लेटरबरोबर मिळेल का?" असं म्हणा. त्यात सगळं असतं. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ पासून कायद्यातच आहे. ती कंपनीची कृपा नव्हे. लग्नाचं विचारलंच, तर "माझ्या कामाच्या वेळांवर त्याचा परिणाम होणार नाही, सर" एवढं बोलून पुढच्या विषयाकडे वळा.

पायरी आठवी: बाँड, नोटीस आणि मूळ कागद

मार्कशीटच्या मूळ प्रती कंपनीकडे ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. "जमा करावं लागेल" म्हणाले तर पावती मागा. पावती म्हटलं की बहुतेकांचा आग्रह ओसरतो. बाँड (ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती वर्षांचा, मध्येच सोडला तर किती पैसे भरायचे आणि ते कोणत्या प्रशिक्षणाच्या बदल्यात, हे सहीआधी वाचा. नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच आहे का, तेही बघा. तुम्ही नव्वद दिवस द्यायचे आणि कंपनीने तीस, असे कागद मी पाहिलेत.

आणि नोकरीच्या बदल्यात कुणी रजिस्ट्रेशन, डिपॉझिट किंवा लॅपटॉपचे पैसे मागितले, तर पुढचं काही विचारायची गरजच नाही. उठा आणि निघा.

पायरी नववी: बोललेलं कागदावर

मुलाखतीतून बाहेर पडल्यावर, चहाच्या टपरीवर का होईना, ऐकलेले आकडे लगेच मोबाइलमध्ये टिपून ठेवा. ऑफर आली की राजीनामा देण्याआधी किंवा दुसरी ऑफर नाकारण्याआधी एक ईमेल टाका. इंग्रजीत लिहिलंत तरी मजकूर असा:

"आपल्या ऑफरबद्दल आभार. आपल्या बोलण्यानुसार माझा मासिक एकूण पगार इतका, व्हेरिएबल इतका, कामाचे दिवस आठवड्याला सहा, आणि नेमणूक कंपनी रोलवर, असं मी समजतो. पगाराच्या विभागणीचा तक्ता मिळाल्यास मी उद्यापर्यंत होकार कळवतो."

नव्या संहितांप्रमाणे नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. "आधी रुजू व्हा, लेटर नंतर देऊ" हे ऐकलंत तर निदान वरच्या ईमेलला लेखी उत्तर तरी मिळवा. तेही मिळत नसेल तर तुम्हाला जे कळायला हवं होतं ते कळलं.

एवढे प्रश्न विचारले म्हणून कुणी नाकारेल का? चौदा वर्षांत प्रश्न विचारले म्हणून मी कुणाला नाकारलेलं आठवत नाही. विचारायच्या पद्धतीवरून मात्र एकाला परत पाठवलंय. तो पहिल्या पाच मिनिटांतच सुट्ट्यांची यादी मागत होता, आणि आम्ही काय बनवतो हे त्याला सांगता आलं नाही.

रुजू झाल्यावर पहिलं पगारपत्रक हातात आलं की ऑफर लेटर शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. मग पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा. कंपनीने पैसे महिना संपल्यावर पुढच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचे असतात. पगारातून कापलेले १,८०० तिथे दिसले नाहीत, तर त्याच दिवशी टाइम ऑफिसला (हजेरी-पगार बघणाऱ्या खात्याला) जाऊन विचारा, सहा महिन्यांनी नव्हे.